दोरी, खुंट्या आणि गणित

सोयाबीन काढणीला आले की महाराष्ट्रातल्या महसूल मंडळांमधून एक छोटासा विधी पार पडतो. कृषी खात्याचा कर्मचारी, तलाठी (अलीकडे त्यांना ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे), विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि गावातील चार मंडळी एखाद्या शेतात जमतात. खुंट्या ठोकल्या जातात, दोरी ताणली जाते. दोरीच्या आत सापडलेले पीक कापून, मळून, तोलून त्याचे वजन नोंदवले जाते. सरकारी भाषेत याला 'पीक कापणी प्रयोग' म्हणतात. गावाच्या दृष्टीने त्यात प्रयोग असा काही नसतो. सरकारी माणसे येतात, थोडे पीक कापतात आणि निघून जातात, एवढेच.

परंतु त्या वजनावर बरेच काही टांगलेले असते. अशा हजारो वजनांच्या सरासऱ्यांवरून जिल्ह्याचे, राज्याचे आणि अखेर देशाचे धान्योत्पादन ठरते. निर्यात खुली ठेवायची की बंद करायची, कोठारात साठा किती ठेवायचा, हे निर्णय त्या आकड्यांकडे पाहून घेतले जातात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मंडळाच्या सरासरी उत्पन्नाचा आकडा याच वजनांवरून निघतो आणि त्यावर भरपाई अवलंबून असते. २०२५च्या खरिपात महाराष्ट्र शासनाने एक रुपयात विमा देण्याची पद्धत बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवरच आधारण्याचे ठरवले, तेव्हा तर या दोरीचे महत्त्व आणखीच वाढले.

दोरी कोणत्या शेतात टाकायची, किती लांबीची घ्यायची आणि एका मंडळात ती किती वेळा टाकायची, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात जगातल्या काही अव्वल बुद्धिमंतांची हयात गेली आहे. विद्यापीठांच्या आवारात गणित, निसर्गविज्ञाने आणि शेती यांच्या इमारती वेगवेगळ्या असतात. शेतीचे विद्यापीठ तर मुळात गावच वेगळे धरून बसलेले असते. अनुदानाच्या वेळी मग शेतीच्या संशोधकाला 'यात विज्ञान कोणते?' असे आणि गणितज्ञाला 'याचा उपयोग काय?' असे विचारले जाते. या विभागण्या वेळापत्रकाच्या सोयीसाठी केलेल्या आहेत. प्रश्नांना त्यांची माहिती नसते. शेताच्या बांधावर उपजलेला प्रश्न शुद्ध गणितात किती खोल उतरू शकतो आणि तेथून पुन्हा बाजारात कसा येऊन पोहोचतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे या दोरीचा इतिहास होय. त्यात भारतीयांचा, आणि त्यातही मराठी माणसांचा, वाटा लहान नाही.

सोळा आण्यांचे पीक

दोरी येण्यापूर्वी नजर होती. भरपूर पीक म्हणजे सोळा आणे असे धरून यंदाचे पीक त्यातले किती आणे, याचा अंदाज गावकामगाराने बांधायचा, ही आणेवारी. रुपयाचे शंभर पैसे झाले तेव्हा तिची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर, या प्रश्नावर मराठवाडा-विदर्भातील गावांचे डोळे दरवर्षी लागून राहू लागले. अंदाज नजरेचा असल्यामुळे तो नजर कोणाची आहे यावर अवलंबून राहणार हे उघड आहे. वसुली करणाऱ्याला पीक बरे दिसते आणि सारा भरणाऱ्याला ते बुडालेले दिसते. दोघेही खोटे बोलत असतात असे नव्हे.

या नजरेच्या भांडणातून एक सत्याग्रह उभा राहिला हे आज सहसा ध्यानात येत नाही. १९१७-१८ साली मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पीक गेले. नियम असा होता की, पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या वर्षाची साऱ्याची वसुली तहकूब व्हावी. सरकारी अंमलदार म्हणत, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणत, खाली आहे. गांधीजींच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याला अन्य पुष्कळ अंगे होती. पण त्याच्या मुळाशी असलेला वाद हा मोजमापाचा वाद होता, आणि तो निकालात काढण्याचे साधन तेव्हा ना सरकारजवळ होते ना सत्याग्रहींजवळ.

साधनाचा पहिला गंभीर प्रयत्न झाला तो पुढच्या काही वर्षांतच, बिहार-ओरिसात. जे. ए. हबॅक हा सनदी नोकर काही संख्याशास्त्रज्ञ नव्हता. परंतु नजरअंदाजाला कंटाळून त्याने १९२३ ते १९२५ या काळात भाताच्या शेतांतून ठिकठिकाणी अगदी लहान तुकडे कापून पाहिले. त्याचा तुकडा त्रिकोणी होता आणि त्याचे क्षेत्रफळ एकराच्या ३२०० व्या भागाएवढे. हा विचित्र वाटणारा आकडा मोठ्या व्यवहारी बुद्धीचा आहे. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण. म्हणजे मणाचे तोळे ३२००. तुकड्यातील धान्य जितके तोळे भरले तितके मण एकरी उत्पन्न. गुणाकार नको, भागाकार नको! तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली ही पद्धत होती. हबॅकचे टिपण १९२७ साली पुसाच्या कृषी संशोधन संस्थेने छापले आणि ते इंग्लंडमधील एका शेतीकेंद्रात पोहोचले. त्याचा आपल्या कामावर प्रभाव पडल्याचे त्या केंद्रातील प्रमुख संख्याशास्त्रज्ञाने पुढे मोकळेपणाने मान्य केले.

हे केंद्र म्हणजे लंडनच्या उत्तरेचे रॉदॅमस्टेड. सुपरफॉस्फेट खताचा कारखाना काढणाऱ्या जॉन लॉझ या जमीनदाराने १८४३ मध्ये तेथे गिल्बर्ट या रसायनतज्ज्ञाच्या साहाय्याने खतांचे प्रयोग सुरू केले. त्यांचे गव्हाचे ब्रॉडबाल्क नावाचे शेत आजही त्याच प्रयोगासाठी राखलेले आहे. पाऊण शतकात तेथे नोंदींचा डोंगर साचला आणि त्या नोंदी चाळण्यासाठी १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती नेमण्यात आला.

फिशरच्या ध्यानात एक गोष्ट लवकरच आली. शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत एकच बी पेरले, एकच खत घातले, तरी उत्पन्न सारखे येत नाही. कुठे ओल जास्त, कुठे खाली मुरूम, कुठे झाडाची सावली. मग नव्या बियाणाच्या वाफ्यात दोन पायली जास्त निघाल्या तर तो गुण बियाणाचा की जमिनीचा? यावर फिशरने दिलेले उत्तर शास्त्रज्ञांनाही प्रथम पचले नाही. प्रत्येक बियाणाला अनेक वाफे द्या, आणि कोणत्या वाफ्यात कोणते बी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. माणसाने निवड केली की तिच्यात कळत-नकळत पक्षपात शिरतो आणि तो किती शिरला हे मोजता येत नाही. चिठ्ठीने निवड केली तरी चूक राहतेच. पण ती किती असू शकते याचे गणित मांडता येते. दैवावर सोपवल्याने ज्ञान अधिक पक्के होते, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेल्या विचाराच्या अगदी उलटी आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत नोकरी करीत 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ साली लहान नमुन्यांचे गणित मांडणारा गॉसेट हा फिशरचा मित्र. त्यालाही ती अखेरपर्यंत पुरती पटली नाही. वाफे विचारपूर्वक, समतोल मांडलेले बरे असे तो म्हणत राहिला. फिशरची १९२५ आणि १९३५ सालची दोन पुस्तके मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. आज नव्या औषधाची किंवा लशीची चाचणी घेताना कोणाला खरे औषध द्यायचे आणि कोणाला नुसती गोळी, हे चिठ्ठीने ठरवतात. तो रिवाज गव्हाच्या वाफ्यांतून आलेला आहे.

दोन फुटांचे वर्तुळ

भारतात हे शास्त्र रुजवले ते कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९३१ साली त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली आणि १९३७ पासून बंगालमधील तागाच्या क्षेत्राच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. सगळी शेते मोजण्याऐवजी चिठ्ठीने निवडलेली थोडी शेते काळजीपूर्वक मोजावीत, खर्च थोडका येतो आणि चूक किती हेही सांगता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. पीक कापणीसाठी त्यांनी लहान तुकडे पसंत केले. दोन-चार फूट त्रिज्येची वर्तुळे कापायला वेळ लागत नाही, म्हणून ती पुष्कळ ठिकाणी कापता येतात. आणि तुकडे जितके अधिक तितकी सरासरी भरवशाची. गणिताच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड होता.

त्याला शह दिला तो सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले, १९३६ मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवून परतले आणि १९४० नंतर दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. त्यांनी प्रश्न विचारला तो कागदावरचा नव्हता, शेतातला होता. वर्तुळाच्या रेषेवर येणारे ताट आत धरायचे की बाहेर? विळा हाती घेतलेल्या माणसाचा कल ते आत धरण्याकडे असतो. ही चूक हेतुपुरस्सर केलेली नसते. ती हाताची सवय असते. परंतु ती नेहमी एकाच दिशेने होते, म्हणून तुकडे कितीही वाढवले तरी ती सरासरीत विरून जात नाही.

याचा हिशोब शाळकरी मुलालाही करता येईल. समजा, चहूबाजूंनी दोन सेंटिमीटरची पट्टी जास्तीची आत आली. तुकडा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल तर पन्नास चौरस मीटरच्या जागी सुमारे ५०.६ चौरस मीटर पीक कापले जाईल. चूक सव्वा टक्क्याहूनही कमी. पण तुकडा साठ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट, त्रिज्येचे वर्तुळ असेल तर तीच पट्टी उत्पन्न जवळजवळ सात टक्क्यांनी फुगवील. तुकडा लहान तितका त्याला क्षेत्रफळाच्या मानाने काठ जास्त, आणि चूक असते ती काठावर. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हाच्या शेतांत लहान-मोठे तुकडे कापून सुखात्म्यांनी हा फुगवटा प्रत्यक्ष दाखवला आणि १९४६ मध्ये 'नेचर' या नामांकित शास्त्रीय पत्रात त्याविषयी लिहिले.

त्यानंतर जो वाद पेटला तो नुसता फुटा-मीटरांचा राहिला नाही. महालनोबिस यांचे म्हणणे असे की, कसलेले पूर्णवेळ कर्मचारी नेमले तर काठावरची चूक आटोक्यात राहते. सुखात्मे म्हणत, पाच-सहा लाख खेड्यांच्या देशात असे कर्मचारी आणायचे कोठून? हे काम अखेर महसूल आणि कृषी खात्यांच्या हाताखालची माणसेच करणार. तेव्हा पद्धत अशी हवी की, सामान्य माणसाच्या हातूनही ती फार बिघडू नये. येथे दोन बुद्धिमत्तांइतकेच दोन स्वभाव एकमेकांसमोर उभे होते असे वाटते. एकाला यंत्रणा आपल्या संस्थेसारखी घडवायची होती, दुसऱ्याला ती आहे तशी धरून तिच्याकडून काम काढून घ्यायचे होते. देशभर बव्हंशी सुखात्म्यांचा मोठा तुकडा रूढ झाला. बंगालने मात्र आपले वर्तुळ पुढेही सोडले नाही, फक्त ते मोठे केले. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी मिळून लिहिलेला शेतीसंशोधकांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली परिषदेने प्रसिद्ध केला आणि कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या.

महालनोबिस यांची एक कल्पना मात्र या वादात मागे पडायला नको होती. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र पथके पाठवायची, दोघांनी आपापले नमुने वेगळे निवडायचे आणि शेवटी दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची. उत्तरे जुळली तर भरवसा वाढतो. न जुळली तर कोठेतरी पाणी मुरते आहे हे कोणावर आरोप न करता कळते. हिशोबनिसाने दोनदा बेरीज करावी, तशातला हा प्रकार.

छत्तीस सेनाधिकारी

आता थोडे वेगळ्या वाटेने जावे लागेल, कारण वाफ्यांच्या प्रश्नाची दुसरी शाखा शुद्ध गणितात शिरली. पाच बियाणांची तुलना करायची आहे आणि जमिनीचा कस उत्तरेकडून दक्षिणेकडेही बदलतो, पूर्वेकडून पश्चिमेकडेही. मग पाच ओळी आणि पाच रकाने पाडून प्रत्येक बी प्रत्येक ओळीत एकदा आणि प्रत्येक रकान्यात एकदाच येईल अशी मांडणी करतात. हा लॅटिन चौरस. त्याच चौरसावर पाच खतेही अशीच मांडायची, आणि प्रत्येक बियाणाची प्रत्येक खताशी नेमकी एकदाच गाठ पडावी, अशी आणखी एक अट घातली की कोडे अवघड होते.

हे कोडे शेतीपेक्षा जुने निघाले. स्विस गणिती ऑयलर याने अठराव्या शतकात ते सैन्याच्या भाषेत घातले होते. सहा पलटणींतील सहा दर्जांचे छत्तीस अधिकारी सहा-सहाच्या चौरसात असे उभे करा की, प्रत्येक ओळीत व रकान्यात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक दर्जा एकदाच यावा. ऑयलरला ते जमले नाही. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने असा तर्क केला की सहा, दहा, चौदा, अठरा, बावीस अशा कोणत्याही संख्येला ते जमणारच नाही. सहाबद्दल तो बरोबर होता, हे १९०० साली फ्रान्समधील गास्तोँ तारी याने सर्व शक्यता तपासून सिद्ध केले. बाकीच्या संख्यांबद्दल त्याचा शब्द प्रमाण मानला जात राहिला.

फिशर १९३७-३८च्या हिवाळ्यात कलकत्त्यास आला तेव्हा अशा चौरसांचा प्रश्न त्याने संस्थेतील मंडळींपुढे टाकला. राजचंद्र बोस हे तेथे महालनोबिस यांनी आणलेले भूमितीचे अभ्यासक. त्यांनी उत्तर शोधले ते एका अनपेक्षित जागी. पाच तासांचे घड्याळ कल्पा. त्यात तीन अधिक चार म्हणजे सात नव्हे, दोन. मोजक्याच संख्यांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार हे चारही व्यवहार सुरळीत चालतील अशा व्यवस्था एकोणिसाव्या शतकात गाल्वा या फ्रेंच तरुणाने शोधल्या होत्या. विशीच्या आसपास द्वंद्वयुद्धात मेलेल्या त्या मुलाने खत-बियाणांचा विचार कधी स्वप्नातही केला नसेल. बोसांनी १९३८ मध्ये दाखवले की, या व्यवस्थांतून शेतीला हवे असलेले चौरस हातासरशी तयार होतात. त्या व्यवस्था पाच, सात, आठ, नऊ यांना उपलब्ध आहेत. सहा आणि दहा यांना नाहीत. त्यामुळे ऑयलरचा तर्क आणखीच खरा वाटू लागला.

तो कोसळला १९५९ मध्ये. बोस तेव्हा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात होते आणि त्यांच्याबरोबर काम करीत होते त्यांचे विद्यार्थी शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. मध्य प्रदेशातील सागर येथे १९१७ साली जन्मलेल्या श्रीखंड्यांचे उच्च शिक्षण नागपूरला झाले आणि तेथील विज्ञान महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले होते. गुरुशिष्यांनी बावीसचा चौरस रचून ऑयलरला खोटे पाडले. अर्नेस्ट पार्कर याने दहाचा रचला, आणि तिघांनी मिळून असे सिद्ध केले की, सहाचा अपवाद वगळता त्या मालिकेतील प्रत्येक संख्येला तो जमतो. पावणेदोनशे वर्षांचा दबदबा असलेला तर्क गेला. २६ एप्रिल १९५९ रोजी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या नशिबी असे पान सहसा येत नाही. श्रीखंडे पुढे १९६३ पासून १९७८ पर्यंत मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते आणि एप्रिल २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, वारले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत महाराष्ट्राला त्यांची आठवण किती झाली, हे न विचारलेले बरे.

'मग त्या दहाच्या चौरसामुळे ज्वारीच्या कणसात एक दाणा तरी वाढला काय?' असा प्रश्न कोणी करील. नाही वाढला. उपयोग आला तो भलत्याच दारातून. बोसांनी वाफ्यांच्या मांडणीसाठी गाल्वाच्या व्यवस्थांची जी भूमिती विकसित केली होती, तीच संदेशातील चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक लिपींना लागू पडते असे आढळले. बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांनी १९६० मध्ये, आणि स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये ऑकँगॅम याने १९५९ मध्ये शोधलेल्या अशा लिपी त्या तिघांच्या आद्याक्षरांनी ओळखल्या जातात. भाजीवाल्याच्या गाडीवर पैसे घेण्यासाठी लटकावलेला ठिपक्याठिपक्यांचा चौकोन, ज्याला सारे क्यूआर कोड म्हणतात, त्यात याच कुळातल्या लिपी वापरलेल्या असतात. त्याचा कोपरा मळला, फाटला, त्यावर कोथिंबिरीचे पाणी उडाले, तरी पैसे बरोबर खात्यात जातात ते त्यामुळे. १९३७ साली एखाद्या काटेकोर हिशोबतपासनिसाने बोसांचा पगार कोणत्या सदरी घातला असता? शेतीच्या खर्चात तो बसत नव्हता आणि तारायंत्रांच्या खर्चात बसेल अशी कल्पनाही कोणाला नव्हती.

सरासरीचा न्याय

दोरीकडे परत यायचे ते विम्यासाठी. १९७२ साली गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी शेतकरीवार पीक विमा सुरू झाला. १९७८-७९ पर्यंत काही राज्यांत चाललेल्या या प्रयोगात अवघे ३,११० शेतकरी आले. हप्ता जमला ४ लाख ५४ हजार रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. हा धंदा चालणे शक्य नव्हते. प्रत्येकाचे शेत कोण तपासणार, आणि पीक पावसाने गेले की हयगयीने हे कोण ठरवणार? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये त्यावर तोड सुचवली. शेतकऱ्याचे शेत पाहूच नये, परिसराची सरासरी पाहावी. ती नेहमीपेक्षा घसरली तर परिसरातील सर्व विमाधारकांना त्या प्रमाणात भरपाई द्यावी. ती सरासरी काढण्याचे यंत्र देशात आयतेच होते. सुखात्मे-महालनोबिसांच्या पिढीने ते बसवून ठेवले होते. १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना आणि आजची योजना, या साऱ्यांचा पाया हाच. (याच दांडेकरांचा आणि सुखात्म्यांचा पुढे कुपोषण कसे मोजावे यावर जोरदार वाद झाला. पण तो निराळा विषय आहे.)

या पद्धतीत एक उघड अन्याय आहे. मंडळाचे पीक बरे आले आणि नाल्याकाठच्या एकाचेच वाहून गेले, तर सरासरी त्याचे काही ऐकत नाही. हा अन्याय पत्करायचा तो एकाच अटीवर: सरासरी तरी खरी असली पाहिजे. आणि ती खरी ठेवणारी गोष्ट म्हणजे चिठ्ठी. मंडळातील गावे चिठ्ठीने, गावातील गट क्रमांक चिठ्ठीने, आणि शेतात पोहोचल्यावर नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावले लांबीवर व किती रुंदीवर जायचे तेही यदृच्छ संख्यांच्या तक्त्यावरून. एका मंडळात एका पिकाचे प्रयोग सामान्यतः दहाच्या आसपास. एका कर्मचाऱ्याकडे कित्येक गावे, काढणीचे दिवस मोजके, निवडलेले शेत सडकेपासून तीन मैल आत चिखलात, आणि सडकेलगत तेच पीक उभे. कोणता मोह होईल हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. आता प्रयोगाचे छायाचित्र आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवण्याची सोय झाली आहे, उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पन्न अजमावण्याचेही प्रयत्न चालू आहेत. ते स्वागतार्हच होत. तरी उपग्रहाचा अंदाजही अखेर कोणाच्या तरी शेतातल्या खऱ्या वजनाशीच ताडून पाहावा लागतो. दोन पथकांची जुनी युक्ती एखाद्या जिल्ह्यात नमुन्यादाखल पुन्हा राबवण्यास मात्र नवे तंत्र लागणार नाही. फक्त माणसे लागतील, आणि कृषी विद्यापीठांच्या संख्याशास्त्र विभागांना त्यात सहज गुंतवता येईल. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार विद्यापीठे राज्यात आहेत. त्यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रबंधविषय कोणता मिळणार?

एका मोहाची किंमत किती, याचा हिशोब मांडता येतो. समजा, मंडळाचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी पन्नास हजार रुपये. यंदाचे खरे सरासरी उत्पन्न सात क्विंटल. तूट तीस टक्के, भरपाई पंधरा हजार. आता दहा प्रयोगांपैकी दोन चिठ्ठीबाहेरच्या, विहिरीच्या पाण्यावरील शेतांत झाले आणि तेथे सातऐवजी बारा क्विंटल भरले, तर सरासरी आठ होते आणि भरपाई दहा हजारांवर येते. मंडळात चार हजार हेक्टर विमा उतरवलेले असेल तर दोन कोटी रुपये गेले. उलट बाजूने, गावाच्या दडपणाखाली दोन दोऱ्या रोगट पिकावर पडल्या आणि तेथे दोनच क्विंटल निघाले, तर सरासरी सहा होते आणि दोन कोटी जास्तीचे द्यावे लागतात. तो भार विमा कंपनी पुढल्या हप्त्यांत धरते आणि त्या हप्त्यांतला मोठा हिस्सा करदाता भरतो. शिवाय हा आकडा त्या हंगामापुरता राहत नाही. उंबरठा उत्पन्न ठरवताना मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी घेतात. तेव्हा चुकीच्या शेतात एकदा ठोकलेली खुंटी पुढची सात वर्षे त्या मंडळाच्या नोंदवहीत राहते.